तंजावरची पंगत

आमच्या वडिलांना रविवार आवडत नसे. सारे जग ज्या दिवसाची वाट पाहते, त्या दिवशी त्यांचा चेहरा उगाचच उतरलेला असे. आम्हां मुलांना याचे मोठे नवल वाटे. पुढे केव्हातरी आईने उलगडा केला. वडील कोकणातून पुण्यास शिकायला आले, तेव्हा ते वार लावून जेवत. सोमवारी एका वकिलांकडे, मंगळवारी एका वैद्यांकडे, असे करत करत शनिवारपर्यंत सहा घरे त्यांना मिळाली होती. सातवे घर काही मिळाले नाही. रविवार रिकामाच राहिला. त्या दिवशी ते सकाळीच नदीच्या घाटावर जाऊन बसत. खिशात पैसा असला तर चुरमुरे घेत, नसला तर शनिवारच्या घरी चार घास जास्त खाल्लेले असत, त्यांवर दिवस काढत.

शनिवारच्या त्या घराचीही एक गोष्ट होती. घरातला एक मुलगा वडिलांच्याच वर्गात होता. तो आत स्वयंपाकघरात जेवायला बसे आणि वडिलांचे पान बाहेर पडवीत मांडले जाई. वाढणारी माउली प्रेमळ होती, ताकभाताला काही कमी नव्हते. पण सोमवारी वर्गात त्या मुलाशी नजर भिडली की वडिलांची मान खाली जाई. साठ वर्षांनंतरही ती गोष्ट सांगताना ती खालीच जात असे. ज्या घरांनी जेवू घातले त्यांचे उपकार ते जन्मभर बोलून दाखवत. मात्र आमच्या घरी कोणी विद्यार्थी जेवायला आला, तर त्याचे पान आपल्या पानाशेजारी मांडलेले आहे की नाही, हे ते आधी पाहून घेत.

हे सारे आताच आठवण्याचे कारण म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही उभयतांनी केलेला तंजावरचा प्रवास. गणपती उठले आणि आम्ही निघालो. पितृपंधरवडा चालू होता. शेजारच्या काकू म्हणाल्याच, "आत्ता कुठे निघालात? पक्ष सरू द्या की!" पण तिकिटे काढून झाली होती. मराठी माणसाने जन्मात एकदा तरी तंजावर पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसलेकुळाचा मराठी इतिहास, सरफोजी महाराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय, आणि अजून घरात मराठी बोलणारी तिथली मंडळी! माझ्या डोक्यात असा इतिहास होता. आमच्या हिच्या डोक्यात मात्र वेगळेच काहीतरी होते. हिने अठ्ठावीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. शेवटची दहा-बारा वर्षे तर शिकवणे किती आणि खिचडीची नोंदवही लिहिणे किती, याचा हिशेब तिचा तिलाच लागत नसे. "तुम्ही शिलालेख बघा," ती गाडीत बसता बसता म्हणाली, "मला तिकडच्या शाळेतला स्वयंपाक बघायचाय. ह्या सगळ्याची सुरुवात त्यांनी केली म्हणतात."

सुरुवात पाहायची तर चेन्नईतच उतरायला हवे होते, आणि आम्ही उतरलो. अण्णा सालै म्हणजे पूर्वीचा माउंट रोड. त्या रस्त्यावर हजार दिव्यांची मशीद आहे आणि तिच्यावरून त्या भागालाच ‘थाउजंड लाइट्स’ म्हणतात. याच वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेत १९२० साली मुलांना दुपारचे खाणे देण्यास प्रथम प्रारंभ झाला. सर पिट्टी त्यागराय चेट्टी तेव्हा महापालिकेचे अध्यक्ष होते. आपल्या बायका कांजीवरम घ्यायला ज्या टी. नगरात जातात, ते त्यागराय नगर यांच्याच नावाचे. ठराव झाला तो असा, की दर मुलामागे दररोज एक आण्याहून अधिक खर्च करू नये. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत, आली तरी टिकत नाहीत. खायला दिले तर येतील, एवढाच साधा हिशेब. तो खरा ठरला. मुले आली आणि मग शेजारच्या शाळांतही खाणे सुरू करावे लागले. पुढे काही वर्षांतच पैशाची ओढाताण सुरू झाली आणि गाडे अडखळले.

"एक आणा!" ही रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाली. "आता किती आहे ठाऊक आहे? या मे महिन्यापासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. तांदूळ वेगळा मिळतो, पण डाळ, तेल, भाजी, मीठमसाला आणि सरपण हे सगळं एवढ्यात बसवायचं." समोरच्या टपरीवर आम्ही कॉफी घेतली. दोन पेल्यांचे जे पैसे झाले, त्यांत पाच मुलांची आमटी-भाजी झाली असती. हिने तो हिशेब मोठ्याने केला आणि माझी कॉफी थोडी कडू झाली.

रात्री एग्मोरहून तंजावरची गाडी धरली. समोरच्या बाकावर विरुदुनगरचे एक वृद्ध व्यापारी होते. त्यांना मोडकी हिंदी येत होती आणि आम्हांला मोडके इंग्रजी. आम्ही कशासाठी निघालो ते कळताच ते एकदम सावरून बसले, कारण कामराज त्यांच्या गावचे! १९५४ ते १९६३ अशी नऊ वर्षे मद्रास राज्याचे मुख्यमंत्री असलेल्या या माणसाला लहानपणीच शाळा सोडावी लागली होती. वडील गेले, घर बसले, आणि अकरा-बारा वर्षांचा पोरगा दुकानात कामाला लागला. त्यांच्याविषयी एक गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. मुख्यमंत्र्यांची मोटार एका रेल्वेफाटकापाशी थांबली होती. जवळच एक पोर शेळ्या चारत होते. "शाळेत का जात नाहीस?" असे यांनी विचारले. पोर म्हणाले, "शाळेत गेलो तर जेवायला तुम्ही घालाल?" गोष्ट अशीच घडली की लोकांनी घडवली, ते देव जाणे. पण १९५६ साली कवी भारतींच्या एट्टयपुरम गावी कामराजांनी शाळेतल्या जेवणाची योजना सुरू केली, हा मात्र इतिहास आहे. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला, उरलेला गावाने. कोणी तांदूळ आणला, कोणी भाजी, कोणी सरपण. ‘पैसा कोठून आणणार?’ असे तेव्हाही शहाण्या माणसांनी विचारले होते. त्यावर प्रसंगी झोळी घेऊन गावोगाव फिरण्याची तयारी कामराजांनी दाखवली, असे ते व्यापारी डोळे पुसत सांगत होते. मला त्या झोळीवरून वडिलांचे सहा वार आठवले. फरक एवढाच होता, की इथे झोळी मुख्यमंत्र्याच्या खांद्यावर होती, मुलाच्या नव्हती.

तंजावरला आमचे वाटाडे होते एक निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तरीच्या पुढे. तिकडच्या मराठी घराण्यांत नावापुढे राव लावण्याची चाल आहे, म्हणून आम्ही त्यांना रावसाहेब म्हणू लागलो. त्यांची मराठी ऐकताना मजा वाटे. शब्द ओळखीचे, पण हेल सगळा तमिळ, आणि मध्येच एखादा असा जुना शब्द येई की तो आपल्याकडे आता बखरीतच सापडावा. हिला ते ‘अक्का’ म्हणत. देवळाच्या भिंतीवरचा शिलालेख त्यांनी बोट फिरवत वाचून दाखवला. ग्रंथालयही झाले. मग ते म्हणाले, "महाराजांचा राजवाडा तर सगळेच बघतात. तुम्हांला जेवणाचं बघायचंय ना? मग महाराजांचं छत्र बघा."

हे छत्र तंजावरच्या दक्षिणेला, पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडू येथे आहे. बसने तासाभराची वाट. दोन्ही अंगांना भाताची खाचरे, कालव्याचे पाणी, नारळीच्या रांगा. कोकणातला माणूस असता तर म्हणाला असता, आपलेच आहे, फक्त डोंगर कोणी उचलून नेले! तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी ठिकठिकाणी अन्नछत्रे बांधली. त्यांतल्या बहुतेकांना राजस्त्रियांची नावे आहेत. ओरत्तनाडूचे छत्र सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने बांधले. जोत्यावर हत्ती-घोडे कोरले आहेत, जणू सारी इमारत रथासारखी ओढली जात आहे. भिंतींचा चुना ठिकठिकाणी उडाला आहे, पण आत शिरल्यावर ओसऱ्यांची लांबी पाहूनच कळते, की इथे शेकडो पाने मांडली जात असतील.

सरफोजी महाराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला या छत्रांविषयी एक पत्र लिहिले होते. राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला होता, आणि छत्रांची उत्पन्ने तरी हिरावून घेऊ नका, ही त्यामागची कळकळ होती. रावसाहेबांना त्या पत्रातला मजकूर जवळजवळ पाठ होता. ब्राह्मणापासून परैयापर्यंत जो वाटसरू येईल त्याला जेवण मिळे. आजाऱ्याला औषध मिळे. छत्राला जोडून शाळा असे, आणि कोणी अनाथ पोर आले तर त्याला पंतोजींच्या स्वाधीन करून त्याच्या खाण्याची आणि शिक्षणाची सोय होई. भूक आणि पाटी यांचा संबंध दोनशे वर्षांपूर्वी या मराठी राजाने ओळखला होता, हे वाचून आपली छाती फुगणे साहजिक आहे. माझीही फुगली.

रावसाहेबांनी ती हळूच खाली बसवली. ओसरीकडे पाहत ते म्हणाले, "जेवण सगळ्यांना होतं, अप्पा. पंगत सगळ्यांना एक असेल काय?" मी काय उत्तर देणार? शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही पुण्यात आमच्या वडिलांचे पान पडवीतच होते, आणि तो तर जातीतलाच मुलगा होता.

दुसरा दिवस बुधवार. रावसाहेबांची एक जुनी विद्यार्थिनी जवळच्याच एका खेड्यात मुख्याध्यापिका आहे. तिच्या परवानगीने आम्ही सकाळी आठच्या आधी शाळेत पोहोचलो. दोन खोल्या, कौलांऐवजी पक्के छप्पर, अंगणात कडुनिंब, आणि कडेला स्वयंपाकाची वेगळी खोली. तिथे दोन बायांनी पोंगल शिजवून तयार ठेवले होते. आपल्या मऊ खिचडीचाच तो दक्षिणेतला भाऊ. त्याच्यावर भाज्या घातलेले सांबार. या बाया बचतगटाच्या होत्या. सकाळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईचे मूल त्याच शाळेत शिकत असावे, असा तिकडचा दंडक आहे. ही युक्ती ज्याने काढली त्याला हिने मनोमन नमस्कार केला. "दुसऱ्याच्या पोराला कच्चं वाढणारी असते," ती म्हणाली, "पण स्वतःच्या पोराच्या ताटात कोण खडे टाकील?"

ही सकाळची न्याहारी नवीन आहे. २०२२ च्या १५ सप्टेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी मदुरैला ती सुरू केली, त्या वेळी १५४५ शाळा होत्या. पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळा आल्या. २०२४ मध्ये कामराजांच्या जन्मदिवशी खेड्यांतल्या अनुदानित शाळांची पाळी आली, आणि आम्ही जाण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी शहरांतल्या अनुदानित शाळांची. आता सुमारे वीस लाख मुले सकाळी शाळेत खातात. आईबाप पहाटेच शेतावर किंवा कामावर जातात, पोर उपाशी येते आणि पहिल्या तासाला पोट धरून बसते. दुपारच्या जेवणापर्यंत चार तास काढायचे असतात. हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. हिलाही ठाऊक होते. "प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडणारी माझी एक मुलगी होती," असे ती एकदम बोलून गेली. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला तिने कधी सांगितली नव्हती.

मुले आली. हात धुऊन, थाळ्या घेऊन ओळीने बसली. कोणी घरून नवे दप्तर आणलेले, कोणाच्या सदऱ्याला दोनच गुंड्या. मुख्याध्यापिकेने आधी स्वतः दोन घास खाल्ले, मग वाढणे सुरू झाले. हिने आपल्या जुन्या सवयीने विचारले, "यांतली गरजू मुलं किती? यादी कुठे ठेवता?" रावसाहेबांनी प्रश्न तमिळमध्ये सांगितला. मुख्याध्यापिकेला तो कळला नाही. त्यांनी पुन्हा सांगितला. तेव्हा ती हसून म्हणाली, "हजेरीपट आहे ना, तीच यादी."

ही गप्प झाली. मग कडुनिंबाखाली बसून तिने मला तिच्या नोकरीतली जुनी गोष्ट सांगितली. १९९५ साली केंद्राची योजना निघाली, तेव्हा आपल्याकडे शिजवलेले अन्न नव्हते. ज्याची हजेरी भरेल त्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत. तो तांदूळ पिशवीतून घरी जाई आणि घरातल्या सात तोंडांत वाटला जाई. ज्याच्या नावाने आला त्याच्या वाट्याला किती येई, ते ईश्वरालाच माहीत. मग २००१ साली लोकांच्या वतीने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गोदामांत धान्य सडत होते आणि राजस्थानात माणसे उपाशी होती. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सांगितले, की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेले जेवण द्या. रोज निदान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून निदान २०० दिवस. ‘प्रत्येक मुलाला’ हे दोन शब्द फार मोलाचे होते. त्या आदेशामुळे हिच्या शाळेत खिचडी आली आणि नोंदवहीही आली. "मी त्या नोंदवहीला फार शिव्या दिल्या," ही म्हणाली, "पण त्या वर्षापासून प्रार्थनेला कोणी पडलं नाही."

दुपारपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. दुपारचे जेवण वेगळ्या बाया करतात. त्याला तिकडे ‘सत्तुणवू’ म्हणजे सकस अन्न म्हणतात, आणि रांधणाऱ्या बाईला मुले ‘आया’ म्हणतात. हे नाव १९८२ पासूनचे. त्या वर्षी १ जुलैला मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी कामराजांची योजना एकदम मोठी केली. खेड्यांतल्या दोन वर्षांच्या पोरापासून सुरुवात केली, मग शहरे घेतली आणि दोन वर्षांनी दहावीपर्यंतची मुले. पडद्यावरच्या या नटाच्या मागे अर्थशास्त्रज्ञ हात धुऊन लागले होते. हा मते मिळवण्याचा धंदा आहे, राज्य बुडेल, असे भाकीत होते. राज्य बुडाले नाही. मते मिळाली, हे खरे. पण लाखो पोरे जेवली, हेही तितकेच खरे. शिवाय रांधण्याच्या आणि देखरेखीच्या कामावर विधवांना व निराधार बायांना प्राधान्य दिले, त्यामुळे गावोगाव दोन-तीन चुली आणखी पेटल्या. १९८९ मध्ये करुणानिधींनी पंधरवड्याला एक अंडे सुरू केले; ते वाढत वाढत २०१० मध्ये आठवड्याला पाच झाले. एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष आलटून पालटून गादीवर आले, पण पोराच्या ताटातले काढून घ्यायला कोणी धजला नाही. येणाऱ्याने काहीतरी वाढूनच ठेवले.

त्या दिवशी सांबारभात होता आणि प्रत्येकाला एक उकडलेले अंडे. अंडे न खाणाऱ्याला केळे. आपल्याकडे २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे सुरू झाले होते आणि २०२५ च्या जानेवारीत त्याच्यासाठीचा सरकारी पैसा काढून घेण्यात आला. पाहिजे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. समोरची पोरे अंडे सोलत होती तेव्हा ही गोष्ट मला आठवली, आणि रावसाहेबांना ती सांगायची मला लाज वाटली.

इथे सगळे गोकुळ आहे, असे मात्र वाचकांनी समजू नये. एक आया आम्हांला वाढताना जरा घुटमळली. खाणार ना तुम्ही, असे तिच्या नजरेत होते. कारण मागाहून कळले. ती दलित वस्तीतली. न्यायालयाने २००४ मध्ये रांधण्याच्या कामात दलित व आदिवासी बायांना प्राधान्य द्या, असे सांगितले आहे. तरी २०१८ मध्ये याच राज्यात, तिरुप्पूर जिल्ह्यातल्या एका गावी, दलित बाईच्या हातचे आमच्या मुलांनी खायचे नाही म्हणून पालकांनी शाळेवर गर्दी केली. अधिकाऱ्यांनी त्या बाईचीच बदली केली. लोक चिडले तेव्हा ती रद्द झाली आणि विरोध करणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आमच्या या शाळेतही पहिल्या वर्षी चार-पाच घरांतून डबे येऊ लागले होते. मुख्याध्यापिका कोणाला काही बोलली नाही. ती रोज मुलांच्या ओळीत बसून आयेच्या हातचे जेवू लागली. डब्यातली पोरेच आधी फुटली. सांबाराचा वास काही जातपात पाहत नाही. आम्ही दोघेही ओळीत बसलो. हिने आयेकडून दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि सांबारात हिंग कधी घालता म्हणून विचारले. मग त्या दोघी चुलीपाशी जाऊन ज्या भाषेत बोलल्या, ती मराठी नव्हती आणि तमिळही नव्हती. पण अर्ध्या तासाने हिला सांबाराची पूर्ण कृती येत होती.

मुलांच्या ओळीत मांडी घालून बसलो असताना मी सहज डावीउजवीकडे पाहिले. एका बाजूला ग्रामपंचायतीच्या सभासदाचा नातू होता, दुसऱ्या बाजूला वीटभट्टीवरच्या मजुराची मुलगी, असे मला नंतर सांगण्यात आले. जेवताना ते कळत नव्हते. एवढ्यासाठी मी इतका लांब आलो होतो, असे तेव्हा वाटले. गरजू तेवढ्यांनाच वाढू, असे म्हणणारे पैसे वाचवतात. पण गरजू कोण हे ठरवायला मुलाला आधी पडवीत बसवावे लागते. सगळ्यांना वाढले की पडवी आपोआप मोडते. आणि पडवीच्या भीतीने जी पोरे घरीच राहतात, तीच तर सगळ्यांत भुकेली असतात.

शेवटचे दोन दिवस आम्ही कुंभकोणमला होतो. एम. जी. रामचंद्रन यांचे लहानपण याच गावी दारिद्र्यात गेले. आई परक्या घरची कामे करी आणि मुलगा शाळा सोडून नाटक कंपनीत गेला. पुढे त्यांनी मुलांच्या ताटाचा जो ध्यास घेतला, त्याचे मूळ या गल्ल्यांत आहे. याच गावात एक फार दुःखाची जागाही आहे. १६ जुलै २००४ रोजी इथल्या एका शाळेत दुपारचे जेवण रांधताना गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुले जळून गेली. त्यांच्या स्मारकापाशी आम्ही फार वेळ उभे राहू शकलो नाही. त्यानंतर राज्यातल्या शाळांवरची गवती छपरे उतरवली गेली. खेड्यातल्या त्या शाळेचे पक्के छप्पर आणि वेगळी स्वयंपाकखोली कोणत्या किमतीला आली, ते तिथे कळले. पोरांना जेवू घालायचे तर धान्य देऊन भागत नाही. धड चूल, धड छप्पर आणि रांधणारीला धड पगार, हे सगळे त्या जेवणातच मोजायला हवे. केंद्राने २००९ मध्ये या बायांचे मानधन महिना १००० रुपये ठरवले, आणि तो आकडा वर्षानुवर्षे तिथेच बसून राहिला. राज्ये आपापल्या परीने त्यात भर घालतात, इतकेच.

निघायच्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. तिकडे तिला महालय अमावास्या म्हणतात. कावेरीच्या घाटावर माणसांचा पूर लोटला होता. मीही नदीत उभा राहून वडिलांना पाणी दिले. मग तंजावरच्या बसमध्ये बसलो. रावसाहेब निरोप द्यायला आले होते. ते म्हणाले, त्या शाळेवरूनच स्टेशनाकडे जाऊ, मुख्याध्यापिकेने हिच्यासाठी पोंगलाची मिरी-जिऱ्याची पुडी ठेवली आहे. रिक्षा तिकडे वळली. शाळेला कुलूप होते. स्वयंपाकाच्या खोलीबाहेर मोठे पातेले उपडे घालून ठेवले होते आणि अंगणात दोन पोरे गोट्या खेळत होती. मी दाराकडे पाहत राहिलो, तेव्हा ही म्हणाली, "अहो, आज रविवार."

पुडी शेजारच्या घरी ठेवलेली होती. ती घेऊन आम्ही निघालो. वाटेत हिने हिशेब मांडला. "शाळा भरते दोनशेवीस दिवस धरा. म्हणजे एकशे पंचेचाळीस दिवस ही चूल थंड. दुष्काळाच्या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या, असं न्यायालयानं २००४ सालीच सांगून ठेवलंय. पण बाकीच्यांचं काय? सुट्टी शाळेला असते, पोटाला कुठं असते?" शाळेत जेवलेल्या मुलींची मुले पुढे उंचीने चांगली भरतात, असे २०२१ मध्ये आपल्या देशातल्याच आकडेवारीवरून संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे आज वाढलेला भात नातवंडापर्यंत पोचतो. मग एकशे पंचेचाळीस दिवसांचा उपासही तितक्याच लांब पोचत असला पाहिजे.

एका आण्यापासून सुरुवात झाली. एक शाळा, मग एक शहर, मग राज्य, मग देश. आधी दुपार, मग सकाळ. दर खेपेला ‘पैसा कोठून आणणार?’ हा प्रश्न निघाला, आणि दर खेपेला पैसा निघाला. आता सुट्टीचे दिवस तेवढे राहिले आहेत.

वडिलांना सहा वार मिळाले होते, एक मिळाला नव्हता. गाडी सुटली तेव्हा मी हिला म्हणालो, "बाबांना ही शाळा दाखवायला हवी होती." ती म्हणाली, "दाखवली असती. पण सोमवारी."